हेल्मेट ठेवायचं कुठे?

मंडळी, गेल्या रविवारी नातू आला तो वही नाचवतच. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "आजी, प्रोजेक्ट ठरला! मोटरसायलवाल्यांसाठी घडीचं हेल्मेट. उतरलं की मिटायचं आणि पिशवीत टाकायचं."

मला कोण आनंद झाला! आधी लूना, मग स्कूटी, अशी पुण्यात मी कितीतरी वर्षं गाडी चालवली. शाळा, बँक, मंडई, तुळशीबाग. हेल्मेटचा कायदा १९८८ चा. पण १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात पोलिसांनी कडक अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा केवढा विरोध झाला! पुणेकर हट्टीच, म्हणून सगळे हसले. माझं मत विचाराल, तर निम्मं भांडण डोक्याचं नव्हतंच, हातांचं होतं. एका हातात भाजी, दुसऱ्या हातात छत्री, मग हेल्मेट कुठे धरू? माझ्या गाडीच्या डिकीत ते मावायचं नाही. आरशाला अडकवावं तर चोरीची भीती, नाहीतर पावसाचं पाणी.

तुम्हाला ही तक्रार क्षुल्लक वाटेल. मलाही वाटायची. आमच्या शाळेत गणिताच्या एक बाई होत्या. "लग्नात कुठे सांभाळत बसू?" म्हणून हेल्मेट घरी ठेवून कार्यालयात गेल्या. परतताना खडीवरून गाडी घसरली. वेग फार नव्हता. जीव वाचला. पण ज्यांना अख्ख्या वर्गाचे हजेरी क्रमांक तोंडपाठ असत, त्या आता मला ओळखतानाही अडखळतात. हेल्मेट खुंटीवर अगदी शाबूत आहे.

म्हणूनच नातवाला विचारलं, "घडीवरच मार बसला तर?"

मग त्यानेच मला शिकवलं. बाहेरचं कठीण कवच मार एका जागी न ठेवता पसरवतं. आतलं जाड थर्माकोल चेपतं आणि धक्का स्वतःवर घेतं. म्हणजे ज्या जाडीला आपण कंटाळतो, तीच आपल्याला वाचवते! एकदा जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट पुन्हा वापरू नये, तेही याचसाठी. परदेशात सायकलवाल्यांसाठी घडीची हेल्मेटं निघाली आहेत, पण मोटरसायकलच्या अपघाताचा मार वेगळा. आपल्याकडे १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी आयएसआय चिन्हाचंच हेल्मेट विकता येतं. नातवाच्या हेल्मेटलाही त्याच परीक्षेला बसावं लागेल, सगळ्या सांध्यांसकट. सोयीचं आहे म्हणून ग्रेस मार्क नाहीत!

"कर जरूर," मी म्हटलं, "पण पास झाल्याशिवाय कुणाच्या डोक्यावर घालू नकोस."

तोवर आपण काय करायचं? देवळाबाहेर चपला ठेवून बिल्ला मिळतो ना? मग मंगल कार्यालयात, नाट्यगृहात, मोठ्या दुकानात हेल्मेटसाठी दहा-वीस खुंट्या आणि बिल्ले का नसावेत? खर्च तो केवढा! नुसता दंड करून सवय लागत नाही, सोय केली की लागते. इतकी वर्षं वर्गात मी हेच पाहिलं.

असो. तुमच्या गावात कुठे अशी सोय असेल तर जरूर कळवा. आणि लग्नाला जाताना हेल्मेट घालूनच निघा. ते मांडीवर घेऊन जेवायला बसलात तरी कुणी हसणार नाही. हसलंच, तर हसू दे.