विश्लेषण : जुन्या कारच्या सौद्यात डीलरला किती सुटते? घासाघीस नेमकी कशावर करावी?

जुन्या मोटारींच्या विक्रीवरील जीएसटी जानेवारी २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. त्यानंतर आठ महिन्यांनी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, नव्या छोट्या मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. या दोन बदलांनंतर जुन्या गाड्यांच्या यार्डात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. गाडी विकायला आलेल्याला सांगितले जाते, ‘नवीच स्वस्त झाली, जुन्या गाडीला आता कोण विचारतो?’ आणि घ्यायला आलेल्याला, ‘जीएसटी वाढला साहेब, यात काही उरतच नाही.’ दोन्हींत थोडे तथ्य आहे. पण तेच कारण एकदा भाव पाडायला आणि एकदा भाव चढवायला वापरले जाते, तेव्हा हिशेब मांडून पाहणे ग्राहकाच्या फायद्याचे ठरते.

जीएसटी नेमका कशावर लागतो?

गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही, तर डीलरच्या मार्जिनवर. म्हणजे डीलरने गाडी जितक्याला घेतली आणि जितक्याला विकली, त्यांतील फरकावर. ही पद्धत २०१८ पासून आहे. तेव्हा मोठ्या गाड्या आणि एसयूव्हींसाठी १८ टक्के आणि उरलेल्या जुन्या गाड्यांसाठी १२ टक्के असे दर होते. जीएसटी परिषदेच्या २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेरला झालेल्या ५५व्या बैठकीत सर्वांसाठी १८ टक्के असा एकच दर ठरला. जुन्या इलेक्ट्रिक गाड्याही त्यात आल्या.

या निर्णयानंतर समाजमाध्यमांवर बराच गोंधळ उडाला. १२ लाखांना घेतलेली गाडी ९ लाखांना विकली, तर ३ लाखांच्या ‘फरकावर’ कर भरावा लागणार, असे संदेश फिरले. तसे नाही. जीएसटी नोंदणी नसलेल्या व्यक्तीने स्वतःची गाडी दुसऱ्या व्यक्तीला विकली, तर जीएसटी लागत नाही. नोंदणीकृत डीलरलाही तोट्यात विकलेल्या गाडीवर हा कर नाही. मार्जिन उणे असेल, तर कर शून्य.

कर वाढल्याने किंमत किती वाढायला हवी?

समजा, डीलरचे एका गाडीमागचे मार्जिन ६० हजार रुपये आहे. १२ टक्के दराने त्यावर ढोबळमानाने ७,२०० रुपये कर होता. १८ टक्क्यांनी तो १०,८०० रुपये होतो. फरक ३,६०० रुपयांचा. मोठ्या गाड्यांवर आधीपासूनच १८ टक्के असल्याने तिथे तोही फरक नाही. त्यामुळे ‘जीएसटी वाढला’ या कारणाखाली कोणी छोट्या गाडीची किंमत २०-२५ हजारांनी वाढवून सांगत असेल, तर त्यातला फार थोडा भाग कराचा आहे.

मग डीलरच्या हाती काय उरते?

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत. डीलरने एक हॅचबॅक ४ लाखांना घेतली. सांगितलेली किंमत ४ लाख ७५ हजार, सौदा ठरला ४ लाख ६० हजारांवर. दिसायला ६० हजार सुटले. त्यातून डेंटिंग-पेंटिंग, सर्व्हिसिंग आणि दोन टायर यांचे १५ हजार गेले. गाडी आणणाऱ्या एजंटाची दलाली ५ हजार. जीएसटी १०,८००. गाडी दीड महिना यार्डात उभी राहिली. अडकलेल्या ४ लाखांवर वर्षाला १२ टक्के व्याज धरले, तर महिन्याला ४ हजार, म्हणजे दीड महिन्याचे ६ हजार. उरले २३,२०० रुपये. जागेचे भाडे आणि माणसांचे पगार अजून यातूनच जायचे आहेत.

आता ग्राहकाने आणखी १५ हजार कमी करून घेतले, असे समजू. मार्जिन ४५ हजारांवर आले, कर ८,१०० रुपयांवर. बाकी खर्च तेवढाच. हाती उरले १०,९०० रुपये. म्हणजे किमतीत जेमतेम तीन टक्क्यांची सूट दिली, तर डीलरची शिल्लक निम्म्याहून कमी होते. ‘उरत नाही’ हे वाक्य म्हणूनच नेहमी खोटे नसते.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू आहे. तीच गाडी डीलरने ४ लाखांऐवजी ३ लाख ७० हजारांना घेतली असती, तर कर वजा जाऊन २४,६०० रुपये जास्त उरले असते. म्हणजे शिल्लक दुपटीहून अधिक. जुन्या गाड्यांच्या धंद्यात नफा विकताना कमी आणि घेताना जास्त होतो, तो असा. त्यामुळे घासाघिशीत सर्वात जास्त नुकसान बहुधा खरेदीदाराचे नव्हे, तर घाईने गाडी विकणाऱ्याचे होते.

नवी गाडी स्वस्त झाल्याचा परिणाम काय?

जुन्या गाडीची किंमत नव्या गाडीच्या किमतीकडे पाहून ठरते. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता. आता १८ टक्केच आहे. पूर्ण कपात ग्राहकाला मिळाली, तर ७ लाखांची गाडी सुमारे ६ लाख ४० हजारांना पडते. साहजिकच तिच्या दोन-तीन वर्षे जुन्या गाडीला पूर्वीचा भाव मिळणार नाही. आधीच्या चढ्या भावाने गाड्या घेऊन ठेवलेल्या डीलरना याचा फटका बसणे स्वाभाविक होते.

मात्र हा नियम दोन्हीकडे सारखा लागू व्हायला हवा. नवी गाडी स्वस्त झाली म्हणून विकणाऱ्याला ५० हजार कमी सांगितले जात असतील, तर त्याच मॉडेलच्या यार्डातील गाडीची किंमतही तितकी उतरायला हवी. एकाच मॉडेलचा ‘घ्यायचा’ आणि ‘द्यायचा’ भाव दोन-तीन ठिकाणी विचारला, की मधले अंतर, म्हणजेच मार्जिन, आपोआप दिसते.

घासाघिशीत डीलरचे पारडे जड का?

कारण गाडीची माहिती त्याच्याकडे असते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन हे मांडले. खरेदीदाराला चांगली गाडी आणि खराब गाडी यांतला फरक कळत नसेल, तर तो सगळ्याच गाड्यांना मधला भाव देऊ करतो. त्या भावात चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, तो ती बाजारात आणत नाही आणि बाजारात खराब गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. माहितीच्या या असमतोलावरील कामासाठी अकरलॉफ यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

भारतात हा असमतोल आता थोडा कमी करता येतो. गाडी कितव्या मालकाकडे आहे, कर्जाचा बोजा उतरला आहे का, विमा आणि पीयूसी चालू आहे का, चलन थकले आहे का, हे परिवहन विभागाच्या पोर्टलवर आणि एमपरिवहन ॲपवर तपासता येते. किलोमीटरचा आकडा मागे फिरवला असल्याची शंका असेल, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी मागाव्यात. प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचे किलोमीटर तिथे लिहिलेले असतात. ‘काही तरी कमी करा’ या विनवणीपेक्षा ‘पुढचे दोन टायर आणि बॅटरी बदलावी लागेल, तेवढे वजा करा’ हा मुद्दा सौद्यात जास्त चालतो.

किमतीत सोडलेले पैसे कर्जात वसूल होतात का?

अनेकदा होतात. डीलरने लावून दिलेल्या कर्जावर वित्तसंस्था त्याला कमिशन देते. विमा आणि ॲक्सेसरीजवरही त्याला काही सुटते. त्यामुळे किमतीत ढिलाई देऊन कर्ज आपल्याकडूनच घ्यायचा आग्रह धरला जातो.

इथे ‘फ्लॅट’ व्याजदराचा सापळा लक्षात घ्यायला हवा. ३ लाखांचे कर्ज, तीन वर्षे मुदत, १० टक्के फ्लॅट दर. व्याज ९० हजार, हप्ता सुमारे १०,८३३ रुपये. दर १० टक्के ऐकू येतो, पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असते हे धरले, तर प्रत्यक्ष दर जवळपास १८ टक्के पडतो. तेच कर्ज घटत्या शिलकीवर १२ टक्क्यांनी मिळाले, तर हप्ता सुमारे ९,९६४ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ५८,७०० रुपये. म्हणजे १२ टक्क्यांचे कर्ज १० टक्क्यांच्या कर्जापेक्षा ३१ हजारांहून अधिक रुपयांनी स्वस्त! अर्धा दिवस घासाघीस करून मिळवलेली १५ हजारांची सूट इथे दुपटीने परत जाते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांनी किरकोळ कर्जदाराला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्क धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना त्याच आकड्यावर करावी.

‘फिक्स्ड प्राइस’ म्हणजे घासाघिशीतून सुटका?

घासाघिशीतून सुटका होते, मार्जिनमधून नाही. मारुती सुझुकीने २००१ मध्ये ट्रू व्हॅल्यू सुरू केले. २०१५ मध्ये आलेल्या कार्स२४ आणि स्पिनी यांसारख्या कंपन्यांनी हा व्यवहार मोबाइलवर आणला. तपासणी अहवाल, वॉरंटी, ठरावीक दिवसांत गाडी परत करण्याची सोय आणि ठरलेली किंमत, असे हे रूप आहे. अमेरिकेत कारमॅक्स ही कंपनी १९९३ पासून घासाघीस न करता जुन्या गाड्या विकते. तिच्या वार्षिक हिशेबात दर गाडीमागे २,००० डॉलरहून अधिक ठोक नफा दिसतो. ग्राहक तो मनस्ताप वाचवण्यासाठी आणि गाडीच्या खात्रीसाठी मोजतो. खात्री खरी असेल, तर सौदा वाईट नाही. म्हणून अशा ठिकाणी किमतीपेक्षा वॉरंटीत काय येते आणि काय येत नाही, हे वाचणे महत्त्वाचे. इंजिन आणि गिअरबॉक्स आहे, पण क्लच, सस्पेन्शन आणि एसी नाही, असे असू शकते.

बिल नसेल तर?

अनेक छोटे डीलर गाडी स्वतःच्या नावाने विकतच नाहीत. मूळ मालकाची कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन आरसी थेट नव्या ग्राहकाच्या नावावर केली जाते. मधले मार्जिन कागदावर येत नाही. काही ठिकाणी निम्मे पैसे रोख मागितले जातात. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे. पण ग्राहकाचा धोका त्याहून मोठा आहे. डीलरचे बिल हातात नसेल, तर महिन्याभरात इंजिन बसल्यावर ग्राहक आयोगापुढे ‘मी गाडी यांच्याकडूनच घेतली’ हे सिद्ध करणे कठीण जाते.

विकणाऱ्याची जोखीम वेगळी आहे. अपघात झाला तर भरपाईसाठी ‘मालक’ कोण? ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्या प्रकरणातील गाडी हातोहात विकली गेली होती, पण आरसीवरचे नाव बदलले नव्हते. याच फटीसाठी १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरची तरतूद लागू झाली. परिवहन विभागाकडून अधिकारपत्र घेतलेल्या डीलरकडे गाडी सोपवली आणि फॉर्म २९सी द्वारे तशी नोंद झाली, की गाडी विकली जाईपर्यंत तोच तिचा मालक मानला जातो. घरी ‘१० हजार जास्त देतो’ म्हणणारा एजंट हे अधिकारपत्र दाखवू शकत नसेल, तर ते १० हजार महागात पडू शकतात.

सौदा करताना कोणते आकडे मागावेत?

खरेदीदाराने एकच आकडा मागावा : नाव बदलून, विमा नावावर होऊन गाडी दारात येईपर्यंतची एकूण रक्कम, लेखी. आरटीओचा खर्च, विमा, ‘फाइल चार्ज’ हे त्यातच यायला हवे. कर्जाचा हिशेब त्यानंतर, वेगळा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस नव्या मालकाला मिळत नाही, त्यामुळे विम्याचा हप्ता वाढू शकतो, हेही धरावे. गाडी यार्डात कधीपासून उभी आहे, हे जरूर विचारावे. वरच्या उदाहरणातील ४ लाखांची गाडी आणखी तीन महिने पडून राहिली, तर डीलरचे १२ हजार नुसत्या व्याजात जातात. अशा गाडीवर त्याला सूट देणे परवडते. कालच आलेल्या गाडीवर नाही.

विकणाऱ्याने नव्या गाडीची सूट आणि जुन्या गाडीचा भाव हे दोन सौदे वेगळे ठेवावेत. ‘एक्स्चेंज’मध्ये जुन्या गाडीला २० हजार जास्त देऊन नव्या गाडीवरील सूट तेवढीच कापता येते. आधी जुन्या गाडीचे तीन भाव लेखी घ्यावेत, मगच शोरूममध्ये जावे. आणि गाडी कोणालाही दिली, तरी नोंदणी बदलल्याची पावती हाती येईपर्यंत व्यवहार पूर्ण झाला, असे समजू नये. राज्यातल्या राज्यात विक्री असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते.