सरासरीत हरवलेला विलंब

घनसावंगी तालुक्यातील शेतकऱ्याचे पीक आता केवळ तलाठ्याच्या लेखणीने सातबाऱ्यावर चढत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने त्याला मोबाइल हाती देऊन बांधावर उभे केले आहे. रास्त भावाच्या दुकानात धान्य घेताना अंगठ्याची पडताळणी दूरच्या संगणकाकडून होते. बियाण्यांचे पैसे देतानाही तेच. ही कामे अडली की कुंभार पिंपळगावापासून तीर्थपुरीपर्यंत सर्वत्र ऐकू येणारे उत्तर मात्र एकच असते : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ ते खरे असेलही. पण खरे की खोटे हे ठरविण्याचे साधन ना शेतकऱ्यापाशी आहे, ना दुकानदारापाशी.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २ ऑगस्ट २०२४ रोजी सेवेच्या गुणवत्तेविषयी नवे विनियम जारी केले आणि ते १ ऑक्टोबरपासून अमलात आले. त्यांतील एक तरतूद निःसंशय स्वागतार्ह आहे. एखाद्या जिल्ह्यातील सेवा चार तासांहून अधिक काळ बंद पडल्यास कंपनीने प्राधिकरणास कळवावयाचे आणि खंड चोवीस तासांपलीकडे गेल्यास ग्राहकास भरपाई द्यावयाची. येथे जिल्हा हा घटक मानला गेला. परंतु सेवा बंद न पडता नुसती मंदावली, तर? विलंबाचा निकष विनियमांत आहे. मात्र त्याचे पालन झाले की नाही हे संपूर्ण सेवाक्षेत्राच्या हिशेबाने ठरते. महाराष्ट्राचे सेवाक्षेत्र म्हणजे मुंबई वगळून उरलेले राज्य, अधिक गोवा. पुणे, पणजी आणि घनसावंगी यांचे अनुभव अशा रीतीने एकाच आकड्यात विरघळतात.

सरासरीचा हा दोष अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असतो. समजा, शंभर व्यवहारांपैकी नव्व्याण्णवांना ४० मिलिसेकंद लागले आणि एकाला तीन सेकंद. तरी सरासरी ७० मिलिसेकंदांच्या आतच राहते. कागदावर सेवा उत्तम ठरते. तो शंभरावा व्यवहार दररोज त्याच गावांच्या वाट्याला येतो की काय, हे त्या आकड्यावरून कळण्याचा मार्ग नाही.

अंतराची सबबही येथे टिकणारी नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. घनसावंगीहून मुंबईस जाऊन परत येण्यास, वाट बरीच वळणाची धरली तरी, दहा मिलिसेकंदांहून अधिक काळ लागू नये. त्यापलीकडचा विलंब बहुतांशी रांगेचा असतो. एकाच मनोऱ्यावर पडलेला भार, मनोऱ्यापासून पुढे जाणारी अपुरी जोडणी किंवा सरकारी संगणकापुढे लागलेली झुंबड यांतून तो निर्माण होतो. यांपैकी पहिल्या दोहोंचे उत्तरदायित्व कंपनीचे, तिसऱ्याचे शासनाचे. खर्च कोणी करावयाचा, हे म्हणूनच रांग नेमकी कोठे आहे यावर अवलंबून आहे.

ती जागा शोधण्याची रीत उपलब्ध आहे. इंटरनेटवरील माहिती लहान लहान पुडक्यांनी जाते. पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, दोन्हीकडील दारांचे क्रमांक आणि नियमावलीचा प्रकार या पाच खुणा समान असलेली पुडकी मिळून एक प्रवाह होतो. अनेक प्रवाहांच्या आरंभी दोन्ही टोके एकमेकांस हाक देतात व ओ देतात. वाटेत मध्यावर बसविलेला मापक या हाका नुसत्या टिपत राहिला, तरी ग्राहकाच्या बाजूस किती वेळ गेला आणि संगणकाच्या बाजूस किती, हे वेगवेगळे सांगू शकतो. नेहमीच्या वेगचाचणीत ही सोय नाही. चाचणीचे पुडके मोठ्या शहरातील सुसज्ज संगणकाकडे जाते. शेतकऱ्याचे काम तिकडे जात नसते.

प्रवाह ओळखणे म्हणजे मजकूर वाचणे नव्हे. पाकिटावरचा पत्ता पाहण्यासाठी पाकीट फोडावे लागत नाही, आणि आज बहुतेक मजकूर सांकेतिक रूपातच जात असल्याने ते फोडणे सोपेही राहिलेले नाही. तरीही धोका आहेच, आणि तो लपविण्यात अर्थ नाही. कोण कोणाशी केव्हा बोलतो, ही माहितीही खासगीच आहे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. शिवाय ज्याला प्रवाह ओळखता येतो त्याला तो अडविताही येतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने सर्व प्रवाहांना समान वागणूक देण्याचे तत्त्व स्वीकारले, ते याच भयापोटी. तेव्हा मापकाने व्यक्तीचा पत्ता साठवू नये. तालुका, कामाचा प्रकार, तास आणि विलंब एवढेच ठेवावे. आणि मापक कंपनीच्या एकट्याच्या ताब्यात नसावा.

बाजार समितीच्या आवारात कापूस मोजणारा काटा व्यापाऱ्याचा असला तरी त्यावरील मुद्रा शासनाची असते. वजनात खोट निघाली तर दंड होतो. दरमहा रिचार्जचे पैसे रोख मोजून जी सेवा विकत घेतली जाते, तिच्या काट्यावर अशी मुद्रा नसावी, याचे समर्थन करणे कठीण आहे. तालुकानिहाय आकडे हे व्यापारी गुपित आहे, असे कंपन्या कदाचित म्हणतील. परंतु कोणत्या भागात आपली सेवा पोहोचते याचे नकाशे प्रसिद्ध करण्याचे बंधन २०२४ च्या त्याच विनियमांनी त्यांच्यावर घातले आहे. सेवा पोहोचते हे जाहीर करता येते, तर किती उशिराने पोहोचते हे जाहीर करण्यात कोणते गुपित फुटणार?

शासनालाही यात सोयीचे असेच सारे निघेल, असे नाही. ई-पीक पाहणीच्या शेवटच्या आठवड्यात खोळंबा मनोऱ्यावर नसून आपल्याच संगणकापुढे होता, असे मापनातून निष्पन्न झाले, तर मुदत वाढवून वेळ मारून नेता येणार नाही; संगणकाची क्षमता वाढवावी लागेल आणि त्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम दाखवावी लागेल.