पत्त्यांना नाक मुरडणाऱ्यांसाठी

पत्त्यांची जादू लोकांना आवडत नाही, असा निवाडा एका जाणकार गृहस्थांनी अलीकडे दिला आहे. जाणकारच ते, पुरावा कशाला देतील? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लोकांना करवतीखालची मुलगी हवी, टोपीतलं कबुतर हवं, पेटीतून माणूस नाहीसा व्हायला हवा. पत्ते मागच्या रांगेला दिसत नाहीत, त्यांना जुगाराचा वास येतो, ते मुळात परके, आणि खेड्यातल्या माणसाला ते कळत नाहीत. शहरी दिवाणखान्यात ठीक. शिरूर अनंतपाळात कोण बघणार?

किरकोळ मुद्दे आधी उरकतो. मागच्या रांगेला दिसत नाहीत हे खरं. मग पन्नास जणांत दाखवायची गोष्ट हजारांपुढे नेऊ नये. 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा पैसे लावणाऱ्यासाठी आहे, रुमालावर पसरलेल्या बदाम राणीसाठी नाही. आणि परकेपणाचं म्हणाल, तर सावंतवाडीत दशावतारांच्या 120 गोल पत्त्यांची गंजिफा रंगवतात, तिथं जाऊन सांगा.

आता 'कळत नाहीत'. धन्य आहे! ज्या मुलखात पोरगं पाढ्यांच्या आधी बदाम सात शिकतं, पावसानं उघडीप दिली नाही की मेंढीकोटाचा डाव पडतो, आणि तिर्रटच्या अड्ड्यावर छापा पडल्याची बातमी पेपरात नसेल तर पेपर शिळा वाटतो, तिथल्या माणसाला पत्ते कळत नाहीत? अहो, त्याला ते फार कळतात, हीच जादूगाराची खरी अडचण. पारावरच्या एखाद्या मुरलेल्या गड्याच्या हाती जोड देऊन बघा. तो आधी पत्त्यांची पाठ उजेडात धरून खूण शोधतो. मग कडेवरून अंगठा फिरवतो, कुठं नख लागलंय का म्हणून. जादूगारानं हात पुढे केला की खेकसतो, "थांब, म्या पिसतो. तू हात लावू नगंस." पिसतो, शेजाऱ्याला कट करायला लावतो, आणि एवढं करूनही त्याचाच किलवर गुलाम वर आला की तोंडातली तंबाखू तशीच राहते. हा प्रेक्षक कंटाळला म्हणता? जत्रेत तीन पत्ते उलटेपालटे करून 'राणी कुठंय' विचारणाऱ्या ठगाभोवती पैसे गमावायला माणसं खेटून उभी असतात. तोच हातचलाखीचा खेळ आधी सांगून आणि फुकट दाखवला, तर ती पाठ फिरवतील?

कंटाळा येतो तो कशाचा, तेही सांगतो. 21 पत्ते, सात-सात पत्त्यांच्या तीन रांगा. "तुमचा पत्ता कोणत्या रांगेत?" असं तीनदा विचारायचं, सांगितलेली रांग दर वेळी मधे ठेवायची, शेवटी पत्ता अकरावा येतोच. ही जादू नव्हे, हजेरी आहे. आमच्या गृहस्थांनी बहुधा हीच पाहिली असावी. बेसूर भजन ऐकून कुणी अभंगाला नावं ठेवत नाही.

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे करवत. 1956 साली जादूगार पी. सी. सरकारांनी बीबीसीच्या 'पॅनोरमा'त मुलीच्या कमरेवरून करवत फिरवली आणि इंग्लंडभर हलकल्लोळ झाला. झाला खरा, पण मुलगी उठून बसायच्या आतच कार्यक्रम संपला, म्हणून लोकांनी घाबरून फोन केले. त्या भीतीत करवतीइतकाच घड्याळाचाही वाटा होता. सरकार थोर, आपले पुण्याचे जादूगार रघुवीरही थोर. पण त्यांच्या थोरवीचा मक्ता पेटी बनवणाऱ्या सुताराला कशाला देता?

     

मग पत्त्यांत गोडी कसली? एवढीच, की पेटी जादूगाराची असते, पत्ते आपले असतात. पेटीकडे आपण लांबून बघतो. पत्ता आपण निवडतो, आपण पिसतो, आणि फसतोही आपल्याच हातात. फसवणारा आपल्याला अडाणी समजत नाही, तोलामोलाचा गडी समजतो. हा मान आमच्याकडच्या प्रेक्षकाला सहसा मिळत नाही, म्हणून तो मिळाला की त्याला सोडवत नाही.

तेव्हा 'लोकांना पत्ते आवडत नाहीत' हे वाक्य यापुढे म्हणायचंच असेल, तर पुरं म्हणावं: 'आम्ही दाखवलेले आवडत नाहीत.' त्यावर आमचा काहीच आक्षेप नाही.