दहा लाखांचा बाऊ

"सर, इंग्रजीत दहा लाख शब्द आहेत. उर्दू-मराठीत काय आहे?" आंबेनळी घाटाखालच्या वाडीतले एक पालक मुलीचा दाखला मागायला आले होते.

हा आकडा टेक्सासच्या एका कंपनीने १० जून २००९ रोजी जाहीर केला. दहालाखावा शब्द कोणता, तर 'वेब २.०'! ऑक्सफर्डच्या १९८९च्या वीस खंडी कोशात वापरातले शब्द १,७१,४७६. त्यांत आपली 'लूट' आणि 'चटणी'सुद्धा. इंग्रजीने उसने घेतले की श्रीमंती. मराठीत 'वकील', 'जमीन' आले की बाट?

मुलीला साळ, तांदूळ, भात वेगळे कळतात. इंग्रजीत शेतात 'राइस', पोत्यात 'राइस', ताटातही 'राइस'. इंग्रजी शिकवाच, पण या आकड्याला भिऊन शाळा का सोडता?

एवढं बोलूनही दाखला लिहून द्यावाच लागला.