उसातला बिबट्या आणि पुराव्याची कसोटी

रात्रीची वीज आली की तळेगाव ढमढेरे परिसरातील शेतकऱ्याला बॅटरी आणि काठी घेऊन उसाची दारे धरायला निघावे लागते. अशा वेळी बांधावरच्या ओल्या मातीत उमटलेला ठसा हा त्याच्या दृष्टीने कुतूहलाचा विषय नसतो. पुढे जावे की मागे फिरावे, याचा निर्णय त्या ठशावर अवलंबून असतो. ठसा बिबट्याचा की कुत्र्याचा, हा प्रश्न शिरूर तालुक्यात म्हणूनच जिवाशी निगडित आहे.

याच तालुक्याच्या बेट भागात, पिंपरखेड-जांबुत परिसरात, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२५ मधील अवघ्या तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांनी तीन बळी घेतले. त्यांत दोन मुले होती. संतप्त ग्रामस्थांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला आणि अखेर ४ नोव्हेंबरच्या रात्री एका बिबट्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच महिन्यात पुण्यातील औंध भागात बिबट्या सीसीटीव्हीत दिसला. मग मात्र खऱ्या चित्रणापाठोपाठ कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या छायाचित्रांचे पेव फुटले. कुणाच्या अंगणात, कुणाच्या सोसायटीच्या फाटकाशी बिबट्या ‘दिसू’ लागला. खोटी छायाचित्रे पसरवणाऱ्यांवर कारवाईचा इशारा देण्याची वेळ वन विभागावर आली.

दिसणे आणि असणे यांतील या गोंधळाचा सर्वांत मोठा अनुभव जगात कुणाला असेल, तर तो अमेरिकेतील ‘बिगफूट’च्या शोधकांना. जंगलात दडलेल्या या अजस्र, केसाळ, दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्याच्या पाऊलखुणा १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात गाजल्या. त्यांशी नाव जोडल्या गेलेल्या रे वॉलेस या ठेकेदाराचे २००२ मध्ये निधन झाले, तेव्हा त्याच्या कुटुंबीयांनी लाकडात कोरलेली पावलेच जगासमोर ठेवली. १९६७ मध्ये ब्लफ क्रीक येथे चित्रित झालेल्या मिनिटभराच्या फितीवरील वाद तर अद्याप मिटलेला नाही. २००८ मध्ये जॉर्जियातील दोघांनी बिगफूटचे शव बर्फात ठेवल्याचा दावा केला. बर्फ वितळला, तेव्हा आतून रबरी पोशाख निघाला. लक्षणीय बाब ही की, हे बिंग फोडले ते बिगफूटच्या शोधात असलेल्यांनीच. ज्याला एखादी गोष्ट खरी ठरावी असे मनापासून वाटते, त्यानेच पुरावा अधिक कठोरपणे तपासला पाहिजे, हा त्यातील धडा आहे.

आपल्याकडील उदाहरण फार जुने नाही. एप्रिल २०१९ मध्ये भारतीय लष्कराने मकालू तळाजवळच्या बर्फातील मोठ्या ठशांची छायाचित्रे ‘यती’च्या पाऊलखुणा म्हणून प्रसिद्ध केली आणि ती चेष्टेचा विषय ठरली. वस्तुतः त्याआधीच, २०१७ मध्ये, यतीचे म्हणून जपलेल्या नऊ नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली होती. त्यांतील आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा.

अर्थात, येथे एक मूलभूत फरक विसरता कामा नये. बिगफूटवर अविश्वास दाखवणाऱ्याचे काही बिघडत नाही. बिबट्या मात्र खराच आहे. तेव्हा ‘पुन्हा कुणीतरी अफवा उठवली’ असे म्हणून शेतकऱ्याच्या सांगण्याकडे काणाडोळा करणे हा विवेक नव्हे, ती बेपर्वाई आहे. बनावट छायाचित्रांचे खरे पाप हेच. दहा खोट्या वर्द्यांमागे धावलेले पथक अकराव्या, खऱ्या वर्दीला उशिरा पोहोचते.

आणि चूक केवळ जनतेचीच होते असेही नाही. राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात ठशांवर आधारलेल्या सरकारी मोजणीत वाघ नोंदले जात होते. २००५ मध्ये उघड झाले ते हे की, शिकाऱ्यांनी तेथील सारे वाघ संपवले होते. त्यानंतर ठशांवरची मोजणी मागे पडून स्वयंचलित कॅमेऱ्यांची पद्धत रूढ झाली. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना माणसाच्या बोटांच्या ठशांसारखी वेगळी असते. त्यामुळे चांगल्या छायाचित्रावरून तो नेमका कोणता, हेही सांगता येते.

पुरावा म्हणजे काय, हे शिरूरशेजारच्या पारनेर तालुक्यातील ‘आजोबा’ या बिबट्याने दाखवून दिले. टाकळी ढोकेश्वर येथील विहिरीतून काढलेल्या या बिबट्याला २००९ मध्ये विद्या अत्रेय यांच्या संशोधन पथकाने उपग्रह-पट्टा लावून माळशेज घाटात सोडले. तेथून तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. बिगफूट हजारोंनी ‘पाहिला’, पण त्याचा एकही पुरावा टिकला नाही. आजोबाचा प्रवास पाहणारे जवळपास कुणीच नव्हते, तरी तो निर्विवाद सिद्ध झाला.

तेव्हा कसोटी दोन्ही बाजूंनी लावावी लागेल. ठशात नखांच्या खुणा असतील, तर तो बहुधा कुत्र्याचा किंवा तरसाचा. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो. एवढी माहिती गावोगावी पोहोचवणे अवघड नाही. ठशाशेजारी मोजपट्टी वा काडेपेटी ठेवून छायाचित्र घ्यावे, जागा व वेळ नोंदवावी आणि ते समूहांवर पसरवण्याआधी वनरक्षकाला कळवावे. वन विभागानेही प्रत्येक वर्दीची तपासणी करून निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. मारलेला वा पकडलेला बिबट्या हल्लेखोरच होता, हे कोणत्या पुराव्यावरून ठरले, तेही लोकांना सांगावे. अन्यथा एक बिबट्या गेला म्हणून गाव निर्धास्त होईल आणि हल्लेखोर उसातच राहील.

अफवेला उत्तर केवळ कारवाईच्या इशाऱ्याने मिळत नाही. ते वेळेवर दिलेल्या खऱ्या माहितीने मिळते. आणि दिवसा वीज मिळाली, तर अंधारात ठसे वाचण्याची वेळच शेतकऱ्यावर येणार नाही.