तुरुंगफोडीची कथा आणि आपली वाङ्मयीन अभिरुची

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या एका विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी 'मराठीतील पलायनकथा' हा विषय सुचवला. 'विषय वाङ्मयीन नाही' एवढ्या शेऱ्यानिशी तो समितीकडून परत आला. विद्यार्थी मावळातला, लोहगडाच्या पायथ्याचा. त्याने निमूटपणे ग्रामीण कवितेवर काम केले. मार्गदर्शक या नात्याने मीही तेव्हा गप्प राहिलो. त्याची बोच प्रस्तुत टिपणामागे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मराठी गद्याला या विषयाचे वावडे मुळात नव्हते. १६६६ च्या ऑगस्टमधील आग्र्याहून सुटकेचा प्रसंग सभासदाने कसा सांगितला आहे, ते पाहावे. मिठाईच्या पेटाऱ्यांविषयी इतिहाससंशोधकांत मतभेद आहेत. पण तो वाद इतिहासाचा, आपला प्रश्न कथनाचा. कथनातला खरा ताण मागे राहिलेल्या हिरोजी फर्जंदापाशी आहे. पलंगावर महाराजांच्या जागी तो निजलेला, अंगावर पांघरूण, दिसतो तो केवळ हात. तो जितका वेळ निश्चल राहील तितके अंतर पळणाऱ्यांना मिळणार. पाठलागाच्या कथेचे हे गणित बखरकाराला पुरते उमगले होते.

विसाव्या शतकात मात्र तुरुंग ही आपल्या साहित्यात तपोभूमी झाली. 'माझी जन्मठेप', धुळ्याच्या कारागृहातील विनोबांची गीता प्रवचने (१९३२), नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' (१९३३) या परंपरेचे मोल कोण नाकारील? परंतु सत्याग्रही स्वेच्छेने तुरुंगात जातो. तो पळाला तर त्याचा सत्याग्रह उरतो कोठे? या नैतिक भूमिकेने आपल्या अभिरुचीला नकळत वळण दिले. सावरकरांची मार्सेलिसची उडी (१९१०) आपण उडी म्हणून गौरवतो. त्यानंतरच्या अवघ्या काही मिनिटांच्या पाठलागाकडे कथेच्या दृष्टीने पाहत नाही.

सांगलीचे उदाहरण अधिक बोलके आहे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगली संस्थानचा तुरुंग फोडून बाहेर पडले. तट, खंदक, मागे गोळीबार. अण्णा पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्यात हुतात्मे झाले. वसंतदादा गोळीने जखमी होऊन पुन्हा पकडले गेले. पुढे १९७७ मध्ये ते राज्याचे मुख्यमंत्री झाले. कोणत्याही भाषेतील कादंबरीकाराने झडप घालावी असे हे कथाबीज! जयप्रकाशांनी पाच साथीदारांसह हजारीबागचा तुरुंग ओलांडला त्याला (९ नोव्हेंबर १९४२) तेव्हा वर्षही झाले नव्हते. तरी सांगलीची हकीकत आपल्याकडे चरित्रांत, गौरवग्रंथांत आणि भाषणांत राहिली. त्या तोलाची कादंबरी माझ्या वाचनात नाही.

याउलट आज सांगली जिल्ह्यातच असलेल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला औंध संस्थानने कुंपणाविना कैद्यांची वसाहत वसवली. त्या प्रयोगावर बेतलेला शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हिंदीत आला, पटकथा ग. दि. माडगूळकरांची. पळता येत असूनही न पळणारा कैदी आम्हांला भावतो, पळणारा नाही. चित्रपट श्रेष्ठच आहे. आवडीनिवडीतली ही तफावत तेवढी नोंदवावीशी वाटते.

बाबूराव अर्नाळकरांची हजाराहून अधिक पुस्तके आहेतच की, असा आक्षेप येईल. आहेत, आणि आपल्या विभागीय ग्रंथालयांत ती किती सापडतात तेही एकदा मोजावे. पलायनकथेची मराठी वाचकाची भूक रवींद्र गुर्जरांनी अनुवादलेल्या 'पॅपिलॉन'ने भागवली. फ्रेंच कैद्याचे पलायन आम्ही आवडीने वाचले, त्यावर अभ्यासपत्रिका मात्र लिहिली नाही.

आमच्या लोणावळ्या-खंडाळ्याच्या घाटात पावसाळ्यात धुके उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. पाठलाग कसा होतो आणि कसा फसतो, हे इथल्या गुराख्याला शिकवावे लागत नाही. त्या विद्यार्थ्याला मी आता सांगितले असते, की सांगलीपासून सुरुवात कर. आणि आधी ज्याच्या हातून बंदूक हिसकावली गेली त्या पहारेकऱ्याच्या बाजूने ती रचून पाहा. त्याचे नाव कोणत्याही गौरवग्रंथात मला आढळलेले नाही.