शिफ्ट संपल्यावरचा वर्ग

चाकण, भोसरी, वाळूजच्या कारखान्यांत लागलेल्या शिकाऊ उमेदवाराचा मोबाइल दिवसभर वाजत असतो. शिफ्ट बदलली, रविवारी या, हजेरीचा फोटो टाका. ग्रुपवर सगळे येते. टूल का तुटले, एवढे मात्र कुणी सांगत नाही.

१९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा याबाबत स्पष्ट आहे. उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. प्रात्यक्षिकाच्या जोडीने त्याला ट्रेडच्या थिअरीचे वर्ग मिळाले पाहिजेत, तेही सरकारच्या खर्चाने; मालकाने त्यासाठी सोय करून द्यायची. आणि त्या वर्गात गेलेला वेळ पगारी कामाचाच धरायचा आहे. ऑनलाइनची सोय आली आणि हा वर्ग हळूच शिफ्टबाहेर सरकू लागला. व्हिडिओची लिंक पाठवायची, पोराने ती रात्री खोलीवर पाहायची. डेटा त्याचा, झोपही त्याचीच. कागदोपत्री थिअरी पूर्ण! याला आम्ही चोरीच म्हणतो.

ऑनलाइनशी आमचे वैर नाही. उलट, आयटीआयतून बाहेर पडलेल्या मुलाला त्याच्या निदेशकांशी बांधून ठेवणारा याहून स्वस्त मार्ग दिसत नाही. फिटर झालेला मुलगा लाइनवर महिनोन्‌महिने एकच बोल्ट आवळतो आणि शेवटी परीक्षा मात्र अख्ख्या ट्रेडची देतो. प्रमाणपत्र मिळाले तरी मशीन सेट करायला हात धजत नाही. दर आठवड्याला ‘काय केले, कुठे अडले’ हे सरांना दाखवायचे ठरले, तर तो एकाच जागी खिळल्याचे महिन्याभरात उघड होईल. (कदाचित म्हणूनच अशा गप्पांची कुणाला घाई नाही.) गेटवर कॅमेऱ्याला स्टिकर लागतो, ही अडचण खरी, पण शॉपमध्ये कंपनीचाच एक टॅब ठेवला की ती सुटते.

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून २०१६ पासून विद्यावेतनाचा वाटा सरकार उचलते. पैसा जनतेचा असेल, तर जाब विचारण्याचा हक्कही जनतेचा. राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने हा ऑनलाइन तास शिफ्टच्या आतच भरवायला लावावा, तो निदेशकांच्या कामाच्या तासांत धरावा आणि उमेदवार व सर बोलत असताना सुपरवायझरला मध्ये बसू देऊ नये. जिथे हा वर्ग रात्री खोलीवर उरकला जातो, त्या कारखान्याचे नवे करार नोंदवणे आधी थांबवावे.